दिसण्यावर जाऊ नका!

१५ जानेवारीला तुमच्या कॉलेजात राज्य क्रीडा दिन साजरा झाला असेल. फोटोला हार, प्राचार्यांचं भाषण, मग सगळे कॅन्टीनला. त्या गडबडीत ज्या फोटोला हार घातला तो नीट बघायचा राहून गेला असेल, तर आता बघा. मोबाइलवर लगेच सापडेल. खाशाबा दादासाहेब जाधव. स्वतंत्र भारताला ऑलिम्पिकमधलं पहिलं वैयक्तिक पदक मिळवून देणारा आपल्या कराडचा पैलवान.

बघितलात? आता खरं सांगा. हा मुलगा उद्या सकाळी तुमच्या जिममध्ये आला, तर किती जण वळून बघतील? उंची साडेपाच फुटांच्या आतबाहेर, वजन ५७ किलोच्या गटातलं. फुगलेले दंड नाहीत, शर्टाच्या बाह्या फाटतील असे खांदे नाहीत. कुणीतरी त्याला आधी वजन वाढव म्हणून सांगेल. आणि कुणीतरी बाजूला घेऊन, आवाज खाली आणून सांगेल की एक कोर्स लावून टाक, तीन महिन्यांत बॉडी दिसायला लागेल. मग बॅगेतून एक छोटी बाटली निघेल. उजेडात धरून दाखवली जाईल. रंग बघ, दाटपणा बघ, माल ओरिजिनल आहे.

आजची गोष्ट या दोघांची आहे, त्या माणसाची आणि त्या बाटलीची. दोघांनाही लोक डोळ्यांनी जोखतात आणि दोघांच्याही बाबतीत डोळे फसतात.

गोळेश्वरचा धाकटा

कराडला कृष्णा आणि कोयना जिथे समोरासमोर येऊन भेटतात, तिथून गोळेश्वर अगदी जवळ. १५ जानेवारी १९२६ ला खाशाबांचा जन्म याच गावात झाला. त्या वेळी आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भागही सातारा जिल्ह्यातच होता. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळालं. म्हणजे आज तुम्ही साताऱ्याचे असा की सांगलीचे, खाशाबा तुमच्याच जिल्ह्याचे.

पाच भावांत ते सगळ्यात धाकटे. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. घरातच तांबडी माती, त्यामुळे नीट चालता येतंय न येतंय तोवर पोरगं आखाड्यात. शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये, १९४० ते १९४७. ही वर्षं लक्षात घ्या. १९४२ ची चळवळ, साताऱ्याचं प्रतिसरकार, गावोगाव भूमिगत कार्यकर्ते. खाशाबा तेव्हा तुमच्यापेक्षाही लहान होते. भूमिगतांना आसरा देणं, निरोप पोहोचवणं ही कामं त्यांनी केली.

पुढे कोल्हापूर, राजाराम कॉलेज. आणि इथे त्यांच्या आयुष्यातला तो प्रसंग घडला, जो तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ओळखीचा वाटेल. कॉलेजच्या वार्षिक क्रीडास्पर्धेत कुस्तीसाठी नाव द्यायला ते गेले. क्रीडाशिक्षकांनी वरपासून खालपर्यंत बघितलं आणि नाव घेतलं नाही. एवढासा मुलगा कुस्ती काय खेळणार, असा हिशोब. खाशाबा थेट प्राचार्य खर्डेकरांकडे गेले. खर्डेकरांनी परवानगी दिली. मग त्या एवढ्याशा मुलानं आपल्यापेक्षा दांडग्या गड्यांना एकेक करून चीत केलं.

शिक्षक वाईट नव्हते. त्यांनी फक्त डोळ्यांवर विश्वास ठेवला. खाशाबांचं बळ डोळ्यांना दिसण्यासारखं नव्हतंच. ते होतं दमात, चपळाईत, पकडीत आणि डावांच्या साठ्यात. रोज हजार बैठका आणि तीनशेच्या आसपास जोर, असा त्यांचा शिरस्ता सांगितला जातो. असा व्यायाम अंगावर फुगत नाही, अंगात मुरतो. तो दिसतो फक्त समोरच्याला, आणि तोही हात भिडल्यावर.

आता ती बाटली

जिममध्ये बाटली जोखण्याची पद्धत त्या क्रीडाशिक्षकांसारखीच असते. बघून. म्हणून जरा समजून घेऊ या की बाटलीकडे बघून नेमकं काय कळतं.

टेस्टोस्टेरॉन, नॅन्ड्रोलोन यांसारखी बहुतेक स्टेरॉइड इंजेक्शनं तेलात विरघळवलेली असतात. तेल कुठलं? तिळाचं, सरकीचं, शेंगदाण्याचं. चोरून माल बनवणारे द्राक्षाच्या बियांचंही वापरतात. सोबत औषध विरघळून राहावं आणि जंतू वाढू नयेत म्हणून बेंझाइल अल्कोहोलसारखी रसायनं. आता घरात तिळाचं आणि शेंगदाण्याचं तेल शेजारी ठेवून बघा. रंग वेगळा, दाटपणा वेगळा. बाटल्यांमध्ये जो फिका पिवळा, गडद पिवळा असा फरक दिसतो, तो बऱ्याचदा एवढाच असतो. तेल किती शुद्ध केलेलं आहे, किती जुनं आहे, यानंही रंग बदलतो. ट्रेनबोलोनसारखं एखादं औषध मुळातच तांबूस दिसतं. गडद म्हणजे स्ट्राँग आणि फिकं म्हणजे पाणी घातलेलं, हे जिमचं शास्त्र आहे, औषधांचं नाही.

काही इंजेक्शनं तेलकट नसतातच. स्टॅनोझोलॉलचं इंजेक्शन दुधासारखं पांढरं दिसतं, कारण औषधाचे बारीक कण पाण्यात तरंगत असतात. बाटली ठेवून दिली की ते तळाशी बसतात. नवखा माणूस म्हणेल, खराब झालं. पण ते तसंच असतं. उलट तेलाच्या बाटलीत खडे दिसले, तर औषध जास्त दाट असल्यामुळे थंडीत साखळलेलं असू शकतं. तेल गढूळ दिसलं, तर घाणही असू शकते. यातलं कुठलं कारण खरं, हे बघून सांगता येत नाही. आणि सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे जंतू असलेली बाटलीसुद्धा काचेसारखी स्वच्छ दिसू शकते.

मग लेबल? होलोग्राम? क्यूआर कोड? अहो, लग्नपत्रिका छापणारा माणूससुद्धा आज चकचकीत स्टिकर छापून देतो. परदेशातून पावडर मागवायची, एखाद्या खोलीत तेलात कालवायची, बाटलीत भरून वर ॲल्युमिनियमचं झाकण दाबायचं आणि ऐटदार इंग्रजी नाव द्यायचं, असा हा धंदा जगभर चालतो. निरनिराळ्या देशांत पकडलेला असा माल प्रयोगशाळेत तपासला, तेव्हा त्यातल्या बऱ्याच बाटल्यांत लेबलवर लिहिलेलं औषध नव्हतंच. काहींत दुसरंच होतं, काहींत लिहिलेल्यापेक्षा कमी, काहींत जास्त. बाटलीत काय आहे हे प्रयोगशाळेतलं यंत्र सांगतं. जिममधल्या ट्यूबलाइटच्या उजेडात ते कळत नाही.

आपल्याकडे आणखी एक घोळ आहे. मेफेंटरमाईन नावाचं इंजेक्शन. हे स्टेरॉइड नाहीच. शस्त्रक्रियेच्या वेळी भूल दिल्यावर रुग्णाचा रक्तदाब खाली गेला, तर तो वर आणायला डॉक्टर ते वापरतात. पाण्यासारखं रंगहीन. जिममध्ये मात्र ते व्यायामाची ताकद येते म्हणून विकलं जातं. त्यानं स्नायू वाढत नाहीत. फक्त थकवा कळेनासा होतो, हृदय धावायला लागतं आणि त्याची सवय लागते. पश्चिम महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत हे इंजेक्शन चोरून विकणाऱ्यांवर पोलिसांनी पुन्हा पुन्हा कारवाया केल्या आहेत. बातम्या तुम्ही याच पेपरात वाचल्या असतील.

मातीतून मॅटवर

बाटली थोडा वेळ बाजूला ठेवू. १९४८ चं लंडन ऑलिम्पिक. कोल्हापूरच्या महाराजांनी प्रवासाचा खर्च उचलला आणि २२ वर्षांचे खाशाबा लंडनला पोहोचले. तिथे लाल माती नव्हती. मॅट होती, ठरलेली वेळ होती, गुण होते, आणि नियम आपल्या मैदानी कुस्तीपेक्षा वेगळे होते. आयुष्यभर नदीत पोहलेल्या माणसाला एकदम समुद्रात सोडावं तसं झालं. रीस गार्डनर या अमेरिकी प्रशिक्षकानं त्यांना तिथे शिकवलं. फ्लायवेट गटात खाशाबा सहावे आले.

सहावा नंबर म्हणजे आपल्या भाषेत काहीच नाही ना? पण तिथून परतताना खाशाबांनी एक गोष्ट ओळखली. कमी पडली ती ताकद नव्हती, मॅटचा सराव कमी पडला. म्हणजे काय वाढवायचं हे त्यांना कळलं. पुढची चार वर्षं त्यांनी त्यात घातली, तीही वरच्या वजनगटात जाऊन, जिथे समोरचे गडी आणखी भारी असतात.

१९५२ ला हेलसिंकीसाठी निवडीची वेळ आली. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांना एका गुणानं मागे ठेवलं गेलं. अन्याय झाला असं त्यांना वाटलं. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती लावून घेतली आणि ती जिंकली. कॉलेजात प्राचार्यांकडे गेले होते, तसंच. त्यांची मागणी दोन्ही वेळा एकच होती. माझ्याकडे बघून ठरवू नका, मला खेळवून ठरवा.

घर गहाण पडलं

निवड झाली, पण पैसे? सरकारकडे अर्ज, विनंत्या, हेलपाटे. शेवटी चार हजार रुपये मिळाले. ते पुरणारे नव्हते. गावोगाव वर्गणी झाली. आणि राजाराम कॉलेजचे तेच प्राचार्य खर्डेकर, ज्यांनी एके काळी कुस्ती लढायची परवानगी दिली होती, त्यांनी आपलं राहतं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले.

विचार करा. एका शिक्षकानं आपल्या विद्यार्थ्याच्या मनगटावर घर लावलं. त्या काळात सात हजार म्हणजे किती मोठी रक्कम, हे आजोबांना विचारा.

हेलसिंकीत बँटमवेट गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या पैलवानांना हरवलं. मग जपानच्या शोहाची इशीईशी लांबलेली, दमवणारी कुस्ती. ती ते हरले. इशीईनं पुढे सुवर्ण जिंकलं. त्या कुस्तीनंतर नियमाप्रमाणे विश्रांती मिळायला हवी होती, पण त्यांना लगेच सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोव्हसमोर उभं केलं गेलं आणि त्यांच्या बाजूनं आक्षेप घ्यायला आपला एकही अधिकारी तिथे हजर नव्हता, असं सांगितलं जातं. तीही कुस्ती गेली. पण २३ जुलै १९५२ ला कांस्यपदक खाशाबांच्या गळ्यात होतं. त्यानंतर वैयक्तिक पदकासाठी भारताला ४४ वर्षं थांबावं लागलं, १९९६ ला अटलांटात लिअँडर पेस जिंकेपर्यंत.

कराड स्टेशनवर गावंच्या गावं लोटली. शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मिरवणूक संपल्यावर खाशाबांनी काय केलं, ते जास्त महत्त्वाचं. कोल्हापुरात कुस्त्यांची मैदानं भरवली, स्वतः लढले, जिंकले आणि ती कमाई खर्डेकरांच्या हातात ठेवून गुरूंचं घर सोडवलं. आधी कर्ज फेडलं.

कर्ज कुणाच्या नावावर?

आता बाटली पुन्हा हातात घ्या. समजा, ती खरी आहे. लायसन्स असलेल्या कंपनीची, आत लिहिलंय तेच, तेवढंच, स्वच्छ. मग चालेल?

टेस्टोस्टेरॉन प्रयोगशाळेत पहिल्यांदा तयार झालं १९३५ साली, खाशाबा नऊ वर्षांचे असताना. ज्यांच्या शरीरात ते बनतच नाही अशा रुग्णांसाठी ते मोठं वरदान आहे. डायनाबॉलची गोळी अमेरिकेत आली १९५८ साली, हेलसिंकीनंतर सहा वर्षांनी. तिथून खेळाडूंमध्ये हे लोण पसरलं आणि १९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकपासून स्टेरॉइडची तपासणी सुरू झाली. म्हणजे जगानं हे सगळं करून बघितलेलं आहे. परिणाम माहीत आहेत.

धडधाकट मुलाच्या शरीरात बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदू म्हणतो, कारखान्याची गरज नाही, बंद करा. वृषणं आपलं काम थांबवतात, आकारानं लहान होतात, शुक्राणू घटतात. कोर्स थांबला तरी कारखाना लगेच सुरू होत नाही. महिने जातात, कधी त्याहून जास्त. त्या काळात अंगातलं त्राण जातं, मन उदास होतं, आणि ते टाळायला पोरं पुढचा कोर्स लावतात. काहींची छाती बायकांसारखी वाढते. चांगलं कोलेस्टेरॉल घसरतं, रक्त दाट होतं, हृदयाचा स्नायू जाड होतो. हे आरशात दिसत नाही, म्हणून ते होत नाही असं वाटतं. वय कमी असेल, तर हाडांची वाढ लवकर थांबून उंची कायमची खुंटते. मुलींच्या आवाजात झालेला बदल परत फिरत नाही. स्नायू झपाट्यानं वाढतात, पण त्यांना हाडाशी बांधणारे कंडरे त्या वेगानं मजबूत होत नाहीत. मग एक दिवस वजन उचलताना तटकन तुटतात. आणि एकच सुई दोघांनी वापरली, तर कावीळ बी, कावीळ सी, एचआयव्ही. टोचलेल्या जागी गळू झालं, तर चिरा देऊन पू काढायची वेळ येते.

म्हणजे खोटी बाटली फसवते आणि खरी बाटली वसूल करते. हेही एक कर्जच आहे. फरक एवढाच की खाशाबांसाठी खर्डेकरांनी घर गहाण ठेवलं होतं आणि ते सोडवता आलं. इथे तुम्ही गहाण ठेवता ते तुमचं हृदय, तुमची उद्याची लेकरं. सावकार कोण, व्याज किती, काही लिहिलेलं नाही. आणि हे सोडवायला कुठलंही मैदान भरवता येत नाही.

तुमच्यातला कुणी स्पर्धेत उतरत असेल, तर आणखी एक. मेफेंटरमाईन असो की स्टेरॉइड, दोन्ही वाडाच्या बंदी यादीत आहेत. नमुन्यात स्टेरॉइड सापडलं, तर बंदी चार वर्षांपर्यंत जाते. प्रशिक्षकानं दिलं, मला माहीत नव्हतं, हे कारण सहसा चालत नाही. शरीर तुमचं, जबाबदारी तुमची. वाडाच्या २०२२ च्या आकडेवारीत भारताच्या ३,८६५ नमुन्यांपैकी १२५ मध्ये बंदी असलेले पदार्थ सापडले; दोन हजारांहून जास्त नमुने तपासणाऱ्या देशांत हे प्रमाण सगळ्यात जास्त होतं. खाशाबांच्या देशासाठी ही मान खाली घालायची गोष्ट आहे.

शेवटचा डाव

खाशाबांचं पुढचं आयुष्य काही सिनेमासारखं नाही. गुडघ्याच्या दुखापतीनं १९५६ चं मेलबर्न हुकलं. १९५५ ला ते पोलिस खात्यात सब-इन्स्पेक्टर म्हणून लागले. २७ वर्षं नोकरी केली, खात्याच्या स्पर्धा गाजवल्या, पुढच्या खेळाडूंना शिकवलं, सहायक पोलिस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेच्या मशालीत त्यांचा हात लागला. पण पेन्शनसाठी त्यांना झगडावं लागलं. अखेरची वर्षं ओढग्रस्तीत गेली. १४ ऑगस्ट १९८४ ला रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर दीड दशक उलटल्यावर. दिल्लीच्या कुस्ती स्टेडियमला त्यांचं नाव मिळालं २०१० साली.

म्हणजे सरकारनंही त्यांना आधी वरवर बघितलं आणि फार उशिरा ओळखलं. पण आज ५७ किलोच्या त्या माणसाचं नाव घेतल्याशिवाय आपल्या ऑलिम्पिकची गोष्ट सुरूच होत नाही.

तर आता तुमच्यासाठी दोन कामं. तुम्ही किंवा तुमचा रूममेट आधीच इंजेक्शनं घेत असेल, तर लाजून गप्प बसू नका आणि मनानं काही थांबवू-लावू नका. एमडी डॉक्टरकडे जा, जमलं तर हार्मोनच्या डॉक्टरकडे, आणि काय काय घेतलं ते सगळं खरं सांगा. बाटली असेल तर सोबत न्या. डॉक्टर पोलिसांत देत नाहीत, रक्त तपासतात. टोचलेली जागा लाल, गरम, दुखरी झाली असेल किंवा ताप असेल, तर उद्यावर ढकलू नका. छातीत दुखलं, दम लागला, तर सरळ १०८.

आणि दुसरं काम सोपं आहे. एखाद्या रविवारी कराडला उतरून गोळेश्वरला जा. खाशाबांच्या घराचं नाव ऑलिम्पिक निवास आहे. दारात थोडा वेळ उभे राहा. मग उद्या जिममध्ये कुणी बाटली उजेडात धरून रंग दाखवायला लागला, तर त्याला एवढंच विचारा, की हिला खेळवून बघितलंस का, की नुसतं बघूनच ठरवलंस?